फक्कीचं घर

समजा, बाळांनो, तुम्ही तुमच्या घरात उभे आहात. पायाखाली मुरूम, डोक्यावर ऊन. भिंत नाही, छप्पर नाही. जमिनीवर फक्कीच्या पांढऱ्या रेघा तेवढ्या आहेत. एका रेघेत जरा जागा सोडलीय, ते दार. आता आत या. थांबा, रेघ ओलांडून नाही! दारातून.

शिरूरला घोडनदीच्या बाजूला पत्र्याच्या खोल्यांची एक वस्ती होती. तिच्यासमोरच्या पटांगणात त्या सकाळी नकुशी सगळ्यांना हेच बजावत होती.

"ए स्वराज, भिंतीतनं काय येतो? भूत हाईस का तू?"

स्वराज मुकाट मागं फिरला आणि दारातून आला. नकुशीनं हवेत हात फिरवून कडी लावली. तोंडानं आवाजही काढला, "खट्ट!"

ही घरं आखली होती सविताताईनं. तळेगाव ढमढेऱ्याची सविता पुण्याला आर्किटेक्चर शिकत होती, शेवटच्या वर्षाला. या वस्तीसाठी पक्की घरं आणि मधोमध एक सांस्कृतिक चौक, असा तिचा प्रकल्प होता. चौकात भजन, भारूड, लग्नकार्य सगळं व्हावं. कागदावरचं कुणाला कळेना, म्हणून तिनं अख्खा नकाशा खऱ्या मापानं जमिनीवर उतरवला होता. आज परीक्षक साहेब येणार होते. त्यांना पटलं तर घरं मंजूर, असं ताईनं सांगितलं होतं. नाही पटलं तर पुन्हा गळका पत्रा.

नकुशीला तर हे घर हवंच होतं. तिच्या घराला खिडकी होती. "कुठं हवी तुला?" असं ताईनं तिला विचारलं होतं आणि तिनं बोट दाखवल्यावर आधीची रेघ पुसून नवी काढली होती. असं आजवर तिला कुणी काही विचारलं नव्हतं.

"सामान मावतं का ते दाखवायचंय," ताई सगळ्यांना सांगत होती. "भांडी, पेट्या, गाद्या, सगळं आणा. रेशनकार्ड, दप्तरंसुद्धा. खोलीत काही म्हणता काही ठेवू नका."

"आन् शेळी?" नकुशीच्या आईनं, चांगुणानं विचारलं. ती मार्केट यार्डात कांदा निवडायची. आज खाडा करून थांबली होती.

"शेळीपण आणा, काकू."

"बया! शेळीची बी परीक्षा!"

बायका खो खो हसल्या. ताई हसली नाही. ती पुन्हा रस्त्याकडं बघत होती.

"भ्या वाटतंय व्हय, ताई?" नकुशीनं जवळ जाऊन विचारलं.

"हो गं."

"दौंडला बी केलं हुतं ना तुम्ही असंच? तवा पास झाला न्हाई का?"

"झाले. साहेबांना पसंत पडलं होतं ते."

"मंग झाली का तिथं घरं?"

"अजून नाही. जागा मोकळी झालीय." ताईनं फक्कीचं घमेलं उचललं आणि आधीच ठळक असलेली रेघ ती पुन्हा ओढू लागली.

सामान आलं. शेळी आली. राहिली एकटी सरूबाई, नकुशीची आजी.

वस्ती कधी रिकामी सोडायची नाही, हा तिथला रिवाज होता. माणसं यार्डात कामाला गेली की सरूबाई पहिल्या खोलीच्या उंबऱ्यात बसे. ऊन असो, अंगात ताप असो, तिची बैठक मोडत नसे.

"मी न्हाई उठायची," ती तिथूनच ओरडली. "मी उठल्यावं हितं कोण हाय?"

ताई नकुशीजवळ वाकली. तिचा आवाज अगदी हळू झाला होता. "आजी आत राहिल्या तर काही होणार नाही बघ. तुझं ऐकतात त्या. आण ना त्यांना."

नकुशी धावली. "आजे, तुझ्यासाठी वटा काढलाय ताईनं. तू बसल्याबिगर सायबाला कळंल कसं, पुरतोय का न्हाई? तुझ्यापायी ताई नापास हुईल!"

"वकील झाली का गं तू?" म्हातारी हसली. मग जरा थांबून म्हणाली, "तिथनं माझं दार दिसतंय का?"

"दिसतंय की. समूरच हाय."

सरूबाई गुडघ्यांवर हात टेकून उठली. नकुशीनं तिला हाताला धरून फक्कीच्या दारातून आत घेतलं, ओट्यावर बसवलं आणि कडी लावली. "खट्ट!"

ताईनं मोबाईलवर काहीतरी लिहिलं.

"आता सगळे चौकात या," ती म्हणाली. "माझ्याकडं तोंड करून उभे राहा. गोकुळमामा, हलगी घ्या. साहेबांना चौक भरलेला दिसू दे."

गोकुळमामांनी हलगी शेकून तयारच ठेवली होती. ती कडाडली. पोरं नाचायला लागली, बायका टाळ्या देऊ लागल्या.

"मोठ्यानं, मामा! अजून मोठ्यानं!"

बोलता बोलता ताई मागं सरकली आणि नकुशीच्या घरात, त्या खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. नकुशीला बरं वाटलं. पाहुणी पहिल्यांदा तिच्याच घरी आली होती. तिनं घराकडं पाहिलं.

ओट्यावर सरूबाई उभी होती. तिचं तोंड हलत होतं, पण हलगीत एक शब्द ऐकू येत नव्हता. तिचं बोट वस्तीकडं होतं. नकुशीनं वळून पाहिलं.

रस्त्यावर जीप थांबली होती. जीपच्या मागून आलेला पिवळा जेसीबी मात्र थांबला नव्हता. तो पत्र्याच्या पहिल्या खोलीसमोर पोचला होता.

हलगी बंद पडली.

जीपमधून साहेब उतरले. जमिनीवरच्या नकाशाकडं त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. नकुशीच्या भिंतीवरून तसेच चालत ते ताईपाशी आले.

"दौंडसारखंच झालं की! आत कोणी नाही ना?"

"कुणीच नाही, साहेब," ताई खाली बघत म्हणाली.

मागं पत्रा चिरडल्याचा आवाज झाला. चांगुणा किंचाळत धावली. नकुशी धावली नाही. ती दारातून आत आली, तिनं सविताताईचा हात धरला, तिला दारापर्यंत नेलं आणि रेघेच्या बाहेर उभं केलं. मग आत वळून तिनं हवेत हात फिरवला आणि कडी लावली.