कच्चं धनुष्य

धनुष्य दोन्ही बाजूंनी सारखं वाकावं म्हणून म्हातारा कारागीर त्याची कडक राहिलेली बाजू बेताबेताने खरवडत होता. तेवढ्यात जावई आत घुसला आणि मार खाऊन माहेरी आलेल्या बायकोला केसांना धरून दाराकडे फरफटत नेऊ लागला.

म्हाताऱ्याने हातातल्याच धनुष्याला बाण लावला. "सोड तिला."

जावई हसला. "सासरेबुवा, कच्चं आहे ते. ओढलंत तर मोडून तुमच्याच तोंडावर येईल."

"येऊ दे."

म्हाताऱ्याने दोरी कानापर्यंत ओढली. बाण सुटला आणि त्याच क्षणी धनुष्य कडाडून मोडलं. त्याची ढलपी म्हाताऱ्याच्या डोळ्यात घुसली. केस धरलेल्या जावयाच्या तळहातातून बाण आरपार गेला होता. तो गुरासारखा ओरडत, रक्त सांडत पळाला.

लेक ओल्या फडक्याने बापाच्या चेहऱ्यावरचं रक्त पुसू लागली.

"बाबा, त्याचा हात माझ्या कानाला लागून होता. त्यावर एवढा अचूक नेम धरलात?"

"नेम त्याच्या छातीवर होता, पोरी," म्हातारा म्हणाला.