सातवी पायरी

व्हायोलेट आठ वर्षं एका ओपन सोर्स डेटाबेसची मराठी माहितीपुस्तिका सांभाळत होती. गिल्बर्टने तपासल्याशिवाय ती एकही पान सोडायची नाही. "माझा नवरा गोराईत वांगी लावतो. त्याला जमलं तर कुणालाही जमेल," असं म्हणायची.

डॉक्टरांनी केमो थांबवली, तेव्हा एकच पान उरलं होतं. हरवलेला डेटा परत कसा आणायचा, त्याचं. "एवढं झालं की मी मोकळी," ती म्हणाली.

गिल्बर्ट लॅपटॉप घेऊन तिच्या पलंगाशी बसला आणि सातव्या पायरीवर अडला. "नाय कळत गं."

"थांब, उद्या नीट लिहिते."

दुसऱ्या दिवशी तो तिथेच अडला. तिसऱ्या दिवशीही. एकोणीस दिवस तो रोज तिथेच अडत राहिला. विसाव्या दिवशी ती गेली.

चर्चमधली तिच्या महिन्याची मिसा आटोपून आल्यावर मुलीने, नॅटलीने, ते पान उघडलं. "डॅडी, सातव्या पायरीत नुसतं 'थांबा' लिहिलंय. यात तुला काय कळत नव्हतं?"

"पयल्याच दिवशी कळलेलं," गिल्बर्ट म्हणाला. "पण कळलं म्हटलं असतं, तर मोकळी झाली असती ना ती."

नॅटलीने पानाच्या बदलांची नोंद उघडली. मम्मीने एका दिवशी 'जरा थांबा' केलं होतं, दुसऱ्या दिवशी 'थांबा', तिसऱ्या दिवशी पुन्हा 'जरा थांबा'.

एकोणीस दिवसांत तिने दुसरं काहीच बदललं नव्हतं.