अस्मिताचे मेल

"अस्मिताचा मेल आला काय वं?" विक्रमनं विचारलं.

प्रेमलता पदराला हात पुसत स्वयंपाकघरातून आली, नवऱ्याशेजारी दिवाणावर बसली आणि लॅपटॉप मांडीवर घेतला.

"आला," ती म्हणाली आणि वाचू लागली.

अस्मितानं पुण्यात शेजाऱ्यांना सावजी मटण खाऊ घातलं होतं. दुसऱ्याच घासाला शेजारी उठला तो थेट नळाखाली तोंड धरून उभा राहिला. त्याच्या बायकोनं डोळे पुसत विचारलं, तुमच्या नागपुरात लहान मुलांना काय देतात हो?

विक्रम इतका हसला की त्याला ठसका लागला.

"ते नळाचं पुन्हा वाच."

तिनं पुन्हा वाचलं. तो पुन्हा हसला. मग त्यानं उत्तर सांगितलं आणि ती टाइप करत गेली. 'तुझे मेल नसते तर मी केव्हाच संपलो असतो. सारा आठवडा मी रविवारची वाट पाहतो.'

प्रेमलताची बोटं थांबली.

"लिहिलं काय?"

"लिहिलं," ती म्हणाली.

काचबिंदूनं विक्रमची नजर गेली तेव्हा तो बँकेत होता. नोकरी सुटली आणि नागपूरच्या सक्करदऱ्यातल्या त्या दोन खोल्यांत तो भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागला. दिवसभरात एकच गोष्ट विचारायचा, अस्मिताचा काही मेल? अस्मिता त्याच्या कॉलेजातली. लग्न ठरताना त्यानं स्वतःच प्रेमलताला तिच्याबद्दल सांगितलं होतं, लपवलं काहीच नव्हतं. मग एका रविवारी प्रेमलतानं त्याला अस्मिताचा मेल वाचून दाखवला आणि तो उठून बसला. दुसऱ्या दिवशी दाढी करायला गरम पाणी मागितलं. पुढे तो अनुवादाची कामं घेऊ लागला. ती मजकूर वाचायची, तो तोंडी सांगायचा, ती लिहायची. प्रेमलतानं नवऱ्याला उभं केलं, असं नातेवाईक म्हणत. तो कोणाच्या नावानं उभा राहिला, हे तिचं तिला माहीत होतं.

तेव्हा तिला बरं वाटलं होतं. जळफळाट नंतरचा. तिच्याशी विक्रम बोलायचा ते दूध आलं काय, विजेचं बिल भरलं काय, एवढंच. ती शिकवायची त्या शाळेतली एखादी गंमत तिनं सांगितली तर "हो काय" म्हणून गप्प व्हायचा. सगळे शब्द तो अस्मितासाठी जपून ठेवत होता, आणि ते तिनंच आपल्या हातानं टाइप करायचे.

गेल्या दोन महिन्यांत तर फारच झालं होतं. उत्तरं लांबली होती, मऊ झाली होती. 'तू खूप थकतेस काय? घरी आल्यावर पाय दुखतात काय? कोणी विचारतं काय तुला?' दिवसभर वर्गात उभं राहून आलेली प्रेमलता हे टाइप करताना ओठ चावत असे. तिला कोणी विचारत नव्हतं.

सोनिका येऊ लागली तीही दोन महिन्यांपूर्वीच. ती दृष्टिहीनांना कॉम्प्युटर शिकवायची. प्रेमलता शाळेत असताना दुपारी येऊन जायची, त्यामुळे काय शिकवते हे तिला नीट ठाऊक नव्हतं. एका शनिवारी शाळा लवकर सुटली. घरी आली तर दोघं लॅपटॉपपुढे होते. पडद्यावर नुसती अक्षरं होती. चित्र नाही, माउस नाही. मजकूर लिहायचाच प्रोग्राम होता तो, एडिटर, पण मेलही त्यातच येत होते, आणि एक आवाज ओळीमागून ओळ वाचून दाखवत होता.

"ताई, सर तर माझ्याहून फास्ट झाले," सोनिका हसत म्हणाली. "सारे जुने मेल यात उतरवले आहेत. एस दाबायचं, नाव लिहायचं. त्या माणसाचे असतील तेवढे मेल समोर. कितीबी जुने असू द्या."

प्रेमलताच्या खांद्यावरची पर्स घसरली.

"हे काहून पाहिजे तुम्हाले?" ती विक्रमला म्हणाली. "मी वाचते ना."

"तू कुठवर वाचत राहशील?"

ती चहा टाकायला आत गेली. भिंतीपलीकडून तो आवाज येत राहिला, कोणाचे कोणाचे मेल वाचत. आता आपली गरज उरणार नाही. चहा उकळून वर आला तरी ती तशीच उभी होती. अस्मिताला घालवायला हवं होतं, आणि आजच.

सोनिका गेल्यावर तिनं लॅपटॉप मांडीवर घेतला.

"अस्मिताचा मेल आहे."

"आज? रविवार उद्या आहे ना?"

"आला आहे खरा."

पडद्यावर तिच्या शाळेची सहामाहीची प्रश्नपत्रिका उघडी होती. तिच्यावर नजर ठेवून प्रेमलतानं मनानंच रचत वाचायला सुरुवात केली. 'विक्रम, यांची बदली कॅनडाला झाली. आम्ही कायमचे जातोय. हा माझा शेवटचा मेल. यापुढे लिहू नकोस, मीही लिहिणार नाही. घरच्यांना सांभाळ.' आवाज जराही हलला नाही. गेली एकदाची, असं तिला वाटलं.

उत्तर लिही, असं विक्रम म्हणाला नाही.

"प्रेमा," तो म्हणाला, "सोनिकानं मले शोधायचं पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. मी पहिलं नाव अस्मिताचंच टाकलं."

प्रेमलतानं लॅपटॉप हळूच मिटला.

"एकबी मेल निघाला नाही. डिलीट केलेल्यातबी नाही. मी सांगितलेलं एकबी उत्तर कुठं गेलेलं नाही."

पहिल्याच आठवड्यात. त्या गोष्टीला दोन महिने होत आले होते. 'पाय दुखतात काय? कोणी विचारतं काय तुला?' हे सारं त्यानं त्यानंतरच लिहायला सांगितलं होतं.

"आजचा मेल काही जमला नाही तुले," विक्रम म्हणाला. "दुसरा लिही."