आपली की आमची

फुटबॉलची स्पर्धा चार दिवसांवर आली तरी दुबईत, करामातल्या आमच्या फ्लॅटमध्ये भारताचा संघ ठरेना. समोर काळ्या सोंगट्यांची यूएई. पांढऱ्या सोंगट्या नऊच, म्हणून शर्टाची दोन बटणं फॉरवर्डला ठेवून मी कॅरमवर अकरा जण मांडायचो, आणि मुलगा प्रल्हाद ती बटणं मागं ओढायचा. “आबा, पाच डिफेंडर लागतीलच. ड्रॉ झाला तरी खूप.” “बरोबरी? अरे, कोल्हापुरात आमच्या तालमीच्या संघाला बरोबरी म्हणजे शिवी वाटायची! मी मारलेला बॉल पंचगंगेत पडला, तो अजून वर आलेला नाही.” “मागच्या वेळी तो रंकाळ्यात पडला होता.” वैतागून मी दहा वर्षांच्या नातीला, मिहिकाला, पंच नेमलं. ती इथंच जन्मली. मराठी कळतं, पण उत्तर इंग्रजीत. एवढी पोर माझ्या बाजूनं बोलली तरी मला पुरे होतं. “सांग गं, कसं खेळायचं?” “डझन्ट मॅटर, आजोबा. अवर टीम विल विन.” माझी छाती फुगली, तरी खात्रीसाठी विचारलं, “अवर म्हणजे आपली की आमची?” तिला फरकच कळेना. “आपली म्हणजे तुझी, माझी, बाबाची, सगळ्यांची. आमची म्हणजे ज्याच्याशी बोलतोय त्याला सोडून.” मिहिकानं बराच विचार केला आणि चक्क मराठीत उत्तर दिलं, “मग आमची.” लाल राणी उचलून तिनं काळ्या सोंगट्यांत ठेवली, अगदी माझ्या गोलसमोर. मी मुकाट्यानं दोन्ही बटणं मागं ओढली.