उन्हावर जगणारा

सूर्यावरच्या वादळाचा तडाखा बसला आणि योगिनीच्या चमूने तीन वर्षं खपून बनवलेला उपग्रह मुका झाला. त्याचे सौर पंख सूर्यापासून दुसरीकडे फिरले होते, बॅटरी संपत आली होती. चार वाजता तो तिच्या बंगळुरूच्या केंद्रावरून जाणार होता. तेवढ्या दहा मिनिटांत उत्तर आलं नाही, तर सगळं संपलं. वाट पाहवेना म्हणून तिने संग्रामपूरला आईला फोन लावला. गीताबाई शेतात सरकी लावत होती.

"आई, आमचा उपग्रह वाचत नाही वाटतं. सूर्याचाच तडाखा बसला त्याला."

"काय खाते तो?"

"ऊन. उन्हावरच जगतो."

"अन् उन्हानंच मारलं त्याले?"

"हो." योगिनी रडायला लागली.

"रडू नको माय. माही अर्धी बीटी कपाशी करपली यंदा. मी पुन्हा लावून राह्यली. तूबी हाक मारत राह्य त्याले. मी फोन ठेवत नाई."

योगिनीने फोन टेबलावर ठेवला आणि चार वाजताच संदेश पाठवायला सुरुवात केली. आठ मिनिटं काहीच आलं नाही. नवव्या मिनिटाला पडद्यावर एक ओळ उमटली, मग दुसरी. पंख सूर्याकडे वळू लागले. सगळे ओरडत एकमेकांच्या गळ्यात पडले.

बऱ्याच वेळाने तिला आईची आठवण झाली. फोन चालूच होता. पलीकडे गीताबाई शेजारच्या वावरातल्या राबियाला सांगत होती, "माहा नातू शुद्धीवर आला वं! अन् म्या अजून त्याचं नावबी इचारलं नाई."