एक डोळा लेकीवर

"एवढा मोठा स्क्रीन ऑफिसच्या कामालाच लागतो गं," म्हणत निनाद दुकानातल्या खुर्चीत बसला आणि त्यानं आधी गाड्यांच्या शर्यतीचा गेम लावला. एक्सेलच्या तक्त्यातून गाड्या धावतात हे ऋजुताला आजवर ठाऊक नव्हतं.

सोमवारपासून तिचं ऑफिस पुन्हा सुरू होणार होतं. घरून काम करणारा निनाद एक वर्षाच्या इराला सांभाळणार होता. "त्यात काय मोठंसं? एक डोळा स्क्रीनवर, एक डोळा लेकीवर," असं तो सासूबाईंसमोर छाती फुगवून म्हणाला होता.

"कर्व्ह्ड आहे ना सर, दोन्ही बाजूंनी कवेत घेतो. आजूबाजूचं काही दिसतच नाही," सेल्समन कौतुकानं सांगत होता.

ऋजुतानं बाबागाडीची दांडी निनादच्या कोपराला टेकवली. "हिच्याकडे बघ, मी आलेच," म्हणून ती खांबापर्यंत गेली आणि तशीच परतली. इराला उचलून कडेवर घेतलं, रिकामी गाडी हळूच ओढून नेली. निनादचा कोपर जरासा सरकला, नजर नाही.

मिक्सरच्या रांगेपाशी उभं राहून तिनं विचारलं, "इरा काय करतेय रे?"

"शहाण्यासारखी बसलीये माझ्या शेजारी," निनाद मान न वळवता म्हणाला.

बाबाचा आवाज ऐकून कडेवरची इरा हसली.

"मॅडम, पॅक करू?" सेल्समननं विचारलं.

"यांचं खेळून झालं की करा," ऋजुता म्हणाली. "तोवर आम्ही दोघी पाळणाघर बघून येतो."