विरळ हवा

"हातमोजा घाल, जयवंत!" हेमांगी ओरडली. जयवंतने तो दरीत भिरकावला आणि खदाखदा हसला. शिखर समोर दिसत होतं. पण त्याची नखं जांभळी पडली होती, पाय दारुड्यासारखे अडखळत होते आणि छाती भात्यासारखी उडत होती.

"तुला माझं यश बघवत नाही," तो बरळला. "जळकी आहेस तू, पहिल्यापासून!"

हेमांगीला तो कधीच आवडला नव्हता. गेल्या मोहिमेत तिच्या मेहनतीचं श्रेय त्याने एकट्याने लाटलं होतं. याला इथेच बसवून शिखर गाठावं, असं क्षणभर तिच्या मनात आलंही. पण रक्तातला प्राणवायू उतरला की आधी माणसाची अक्कल जाते आणि असा बसलेला माणूस पुन्हा उठत नाही, हे ती जाणून होती. आपला जादा हातमोजा तिने त्याच्या हातावर चढवला, दोघांच्या कमरेला दोर बांधला आणि शिखराकडे पाठ फिरवली.

उतरताना त्याने तिला आईवरून शिव्या दिल्या, लाथही मारली. हा नाही, याचा गुदमरलेला मेंदू बोलतोय, असं स्वतःला बजावत ती त्याला ओढत राहिली.

तंबूत ऑक्सिजन लावल्यावर हळूहळू त्याच्या ओठांवर रंग आला, श्वास संथ झाला, नजर स्थिरावली. मग त्याने मास्क बाजूला केला.

"खाली गेल्यावर मी सगळ्यांना सांगणार," तो पूर्ण शुद्धीत, शांतपणे म्हणाला. "तू घाबरलीस, म्हणून शिखर हुकलं."

"सांग," मास्क पुन्हा त्याच्या तोंडावर दाबत हेमांगी म्हणाली. "सांगायला जिवंत आहेस."